अवतरणं आणि संदर्भ: मुलांना खरंच कसं शिकवता?

अक्षरओळख (सोमवार, रात्री १०.५२)

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.ए.च्या मुलांना मराठी शिकवते. सध्या लघुप्रबंध तपासायचं काम चालू आहे. परवा एका मुलीचं दुसरं प्रकरण वाचत होते. मुलगी कष्टाळू, घरात एवढं शिकणारी पहिलीच. विषय आहे एकोणिसाव्या शतकातलं शेतकऱ्यांविषयीचं लेखन. प्रकरणाच्या पहिल्याच पानावर हे होतं:

"महात्मा फुले यांनी शिक्षणाचे महत्त्व सांगितले आहे. 'विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना सारे खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.' (गुलामगिरी, १८७३). तसेच डॉ. आंबेडकर म्हणतात, 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' तसेच संत तुकाराम म्हणतात…"

असं 'तसेच'ला 'तसेच' जोडत पान संपतं. एका पानावर अकरा अवतरणं, आणि तिचं स्वतःचं म्हणावं असं वाक्य एकही नाही.

तिला बोलावून विचारलं, फुल्यांच्या ओळी कुठून घेतल्यास? म्हणाली, "मॅडम, त्या सगळ्यांना पाठच असतात ना." खरं आहे. शाळेच्या भिंतीवर त्या वाचतच ती मोठी झाली. मग आम्ही दोघी ग्रंथालयात गेलो आणि 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' काढलं. 'गुलामगिरी'त त्या ओळी नाहीत. त्या आहेत 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात, आणि ते लिखाण १८८३ सालचं. म्हणजे साल दहा वर्षांनी चुकलं. पण तिथे 'सारे खचले' असंही नाही. तिथे आहे 'वित्ताविना शूद्र खचले'.

ती त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसली. पुढे फुले शूद्र शेतकऱ्यांचे कुणबी, माळी आणि धनगर असे भेद सांगतात, तेही तिने वाचलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हे सगळ्यांबद्दल नाहीच. हे आमच्या घरच्यांबद्दल आहे."

तिथून माझ्या डोक्यात हा प्रश्न घोळतोय. पृष्ठ क्रमांक कुठे, स्वल्पविराम कुठे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलं उतरवून घेतात आणि प्रबंध पुन्हा तसेच येतात. दुसऱ्याचे शब्द आपल्या लिखाणात कशासाठी आणायचे आणि आणल्यावर त्यांचं काय करायचं, हे तुम्ही कसं शिकवता?

तळटीप (सोमवार, रात्री ११.३०)

ताई, मी पुण्यात पस्तीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. 'कशासाठी' याचं उत्तर माझ्यापेक्षा शिक्षक मंडळी चांगलं देतील. मला माझ्या हातखंड्याचं सांगू द्या.

'समग्र वाङ्मय' काढलंत, पण कोणती आवृत्ती? महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनात काढलं. पुढे य. दि. फडके यांच्या संपादनातली आवृत्ती आली. एकीचं पान दुसरीत त्याच जागी सापडेल असं धरून चालू नये. नुसतं 'समग्र वाङ्मय, पृ. अमुक' लिहिलं तर वाचणाऱ्याने कोणतं पुस्तक उघडायचं? संपादक, आवृत्ती, साल आणि पान, चारही हवं. साल मुखपृष्ठावरून घेऊ नये, आत जिथे प्रकाशकाचा पत्ता असतो त्या पानावर बघावं. तिथे 'दुसरी आवृत्ती' आहे की 'पुनर्मुद्रण', ते लिहिलेलं असतं. पुनर्मुद्रणात पानं सहसा तीच राहतात, नव्या आवृत्तीत हलतात. जुन्या पुस्तकावर शकाचं साल असेल तर तेही द्यावं आणि शेजारी इसवी सन. शके १८०५ म्हणजे १८८३-८४.

दुसरं म्हणजे जुन्या मजकुराचं शुद्धलेखन सुधारायला जाऊ नये. लेखनाचे आजचे नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले. त्याआधीच्या पुस्तकांत 'केलें', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार सर्रास असतात. मुलं टाईप करताना ते गाळतात, ऱ्हस्वाचं दीर्घ करतात. तुमच्या विद्यार्थिनीनं 'मती' लिहिलंय. तिच्या वाक्यात ते बरोबरच आहे. फुल्यांच्या ओळीत मात्र 'मति' हवं. अवतरणचिन्हाच्या आतली वेलांटीसुद्धा मूळ लेखकाची असते. वाचणाऱ्याला ती टंकनाची चूक वाटेल अशी भीती असेल, तर पुढे चौकटी कंसात 'मूळ लेखनाप्रमाणे' असं घालावं. आपण अवतरणात घातलेला प्रत्येक शब्द चौकटी कंसात, म्हणजे तो आपला हे कळतं.

गाळलेल्या मजकुराच्या जागी तीन टिंबं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण 'हा उपाय योग्य आहे असे काही जण मानतात, परंतु अनुभव तसा नाही' या वाक्यातून 'हा उपाय योग्य आहे…' एवढंच उचललं तर टिंबं देऊनही ती फसवणूकच. असे प्रकार मी छापायला आलेल्या पुस्तकांतही पाहिलेत, आणि दर वेळी लेखकाला फोन करून मूळ पान मागितलंय.

एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती शके १५०६ साली. पाठभेद पाहिले, पोथी नीट केली आणि पुढच्यांना बजावून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओवी करील मऱ्हाठी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

दुसऱ्याच्या मजकुरात आपला शब्द घुसवणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी. मुद्रितशोधनाच्या कामात मी हीच ओवी टेबलासमोर लावून ठेवली होती.

भीमाकाठ (मंगळवार, सकाळी ७.१५)

त्याच पानावरचं दुसरं अवतरणही मुलीला तपासायला सांगा, ताई.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. तिथल्या इंग्रजी भाषणात बाबासाहेबांनी शेवटचा सल्ला म्हणून जे शब्द दिले, त्यांचा क्रम 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज' असा आहे. आपल्याकडे रूढ झालेल्या घोषणेत संघटन दुसऱ्या जागी आणि संघर्ष तिसऱ्या जागी आला. ही घोषणा ऐकतच मी मोठा झालो, आमच्या वस्तीच्या कमानीवर ती आहे, आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. चळवळीतले शब्द लोकांच्या तोंडी घडतात.

पण प्रबंधात 'डॉ. आंबेडकर म्हणतात' असं लिहून ती अवतरणचिन्हांत घालायची, तर कुठलं भाषण, कोणतं साल, कोणता खंड आणि भाषांतर कुणाचं हे सांगावं लागेल. शासनाने १९७९ पासून काढलेले 'लेखन आणि भाषणे'चे खंड आता महाजालावर मोफत वाचता येतात, त्यामुळे 'मिळालं नाही' असं म्हणायला जागा नाही. आणि घोषणेतला क्रम का बदलला असावा, यावर मुलीने चार वाक्यं लिहिली तर ती चार वाक्यं पूर्ण तिची असतील.

कोरी_वही (मंगळवार, दुपारी १.०५)

मी एम.ए. भाग एकला आहे. वाचून कसंतरीच झालं, कारण माझंही प्रकरण असंच आहे. आम्हाला यातलं कुणी काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलंय की दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टक्के कमी आले पाहिजेत. मग सगळे काय करतात, वाक्य घेतात आणि शब्द बदलतात. 'महत्त्वपूर्ण'चं 'मोलाचं', 'समाज'चं 'लोकसमूह'. टक्के कमी येतात. पण मग संदर्भ द्यायचा का? शब्द तर आपलेच झाले ना?

अक्षरओळख (मंगळवार, दुपारी २.२०)

कोरी_वही, विचारलंस हे फार चांगलं केलंस. थांब, उदाहरणच करून दाखवते. हे वाक्य मीच आत्ता तयार केलंय, पण समज ते एका पुस्तकात आहे:

'दुष्काळात गहाण पडलेली जमीन सुटण्याऐवजी पुढच्या पिढीच्या माथी कर्ज होऊन बसली.'

तू म्हणतेस तसे शब्द बदलले तर हे होईल: 'अवर्षणात तारण ठेवलेली शेती मुक्त होण्याऐवजी नंतरच्या पिढीच्या डोक्यावर ऋण बनून राहिली.'

यात तुझं काय आहे? विचार त्यांचा, वाक्याची चाल त्यांची, 'ऐवजी' त्याच जागी. आणि वाक्य बिघडलं ते वेगळंच, कारण 'माथी बसणं' हा बोलण्यातला शब्दप्रयोग तू मोडलास. नाव न देता हे लिहिलं तर ती चोरी, आणि नाव दिलं तरी ते ना धड अवतरण ना धड तुझं.

आता पुस्तक मिट. संध्याकाळी आईला सांगते आहेस असं समजून सांग, त्या लेखकाने काय म्हटलं. मी सांगितलं असतं: 'गहाण सुटतच नसे. त्यामुळे मुलाच्या वाट्याला शेताआधी देणं यायचं, असं अमुक लेखक दाखवतात.' हे माझं वाक्य आहे, मात्र विचार त्यांचा, म्हणून नाव आणि पान तिथेही द्यायचं. अवतरणचिन्हं फक्त शब्द उसने घेतले तर, आणि संदर्भ विचार उसना घेतला तरी.

मग पुस्तक उघडून एकदा ताडून बघ. नकळत त्यांचे चार शब्द जसेच्या तसे राहिले असतील तर त्यांना अवतरणचिन्हं लाव.

पोथीशाळा (मंगळवार, संध्याकाळी ६.४०)

मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. टक्क्यांची भीती थोडी कमी करते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम २०१८ सालचे आहेत. त्यानुसार साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये असेल तर ठरवून दिलेल्या, जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. त्याच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. पण हे मोजताना काय वगळायचं तेही तिथेच सांगितलंय: श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, सूत्रं. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेसुद्धा.

म्हणजे नीट श्रेय दिलेलं अवतरण चोरीत मोजायचंच नसतं. मुलं नेमकं उलटं करतात. टक्के वाढतील म्हणून अवतरणचिन्हं काढतात आणि शब्द फिरवतात. जे उघडपणे प्रामाणिक होतं ते झाकून अप्रामाणिक करतात, तेही भीतीपोटी. याचं मला फार वाईट वाटतं.

मराठीबाबत अजून एक. कित्येक जुने प्रबंध युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप झालेत, किंवा पानांचे नुसते फोटो काढून चढवलेत. यंत्राला त्यातली अक्षरं वाचताच येत नाहीत. म्हणून चार टक्के आले तर प्रबंध स्वच्छ आहे असं मार्गदर्शकाने समजू नये. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर, म्हणजे प्रबंधांच्या महाजालावरच्या संग्रहात, त्याच विषयाचे दोन-तीन प्रबंध उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघावेत. मी मुलांनाही तेच सांगते, आणि त्यांची संदर्भसूची कशी लावली आहे तेही बघायला लावते, चांगली आणि वाईट दोन्ही.

दिंडीकर (मंगळवार, रात्री ९.५०)

अक्षरओळखताई, तुमचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. मी प्राध्यापक नाही, शेती करतो. पण माझे वडील चाळीस वर्षं कीर्तन करत आले आणि मी लहानपणापासून त्यांच्यामागे टाळ घेऊन उभा राहिलो. तुम्ही विचारताय ते मला तिथे शिकायला मिळालं.

वडील सेवेला एकच अभंग घेतात. आधी तो कुणाचा ते सांगतात. मग पहिलं चरण. त्यातला एक शब्द धरतात. समजा 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें' घेतला, तर 'घरीं' हाच शब्द का, दारी का नाही, यावर पाव तास. त्याच्या आधाराला ज्ञानेश्वरीतली ओवी येते, नाथांची येते. याला आमच्यात 'प्रमाण' म्हणतात. प्रमाण दिल्यावर बुवा ते उलगडतात, हे इथे का लागू पडतं ते सांगतात आणि पुन्हा धरलेल्या चरणावर येतात. ते चरणावर आले की आम्ही टाळकरी उचलतो. प्रमाण देऊन बुवा तसेच पुढे निघून गेले तर टाळकऱ्यांना उचलायला जागाच सापडत नाही. फड मोडल्यासारखा होतो.

वडील तरुण असताना एका गावी त्यांनी ओळीने सात-आठ प्रमाणं म्हटली. लोकांना वाटलं, केवढं पाठांतर. विण्यावर एक म्हातारे बुवा होते. ते नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "माउली, तुम्ही संतांना बोलावलंत आणि उभंच ठेवलंत. बसायला घोंगडं तरी टाकायचं." वडील ही गोष्ट अजून सांगतात.

तुमच्या विद्यार्थिनीचं पान वाचून मला तेच आठवलं. अकरा संत उभे आहेत.

आणि माउलींनी स्वतः श्रेय कसं दिलंय बघा. अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे ते म्हणतात, 'तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकारांतें वाट पुसतु'. ज्यांच्यामागून चालले त्यांचं नाव घेतलंय. ओवीचा क्रमांक मुद्दाम देत नाही, कारण आमच्या घरच्या दोन प्रतींत तो जुळत नाही.

तळटीप (मंगळवार, रात्री १०.१०)

दिंडीकर, क्रमांक जुळत नाहीत हे अगदी खरं. तुकोबांच्या गाथेचंही तेच. शासनाने १९५० साली छापलेली गाथा, पंढरपूरची, देहूची, प्रत्येकीत अभंगांचा क्रम वेगळा. म्हणून 'अभंग क्र. अमुक' एवढं कधीच पुरत नाही, कोणती गाथा ते हवंच.

अक्षरओळख (मंगळवार, रात्री ११.१५)

दिंडीकर, तुमचं वाचून मी वहीत 'प्रमाण' हा शब्द लिहून ठेवला. आमच्या वर्गातली निम्मी मुलं सप्ताहात टाळ वाजवणारी आहेत. मी त्यांना परक्या पुस्तकांतले नियम सांगत होते आणि हे त्यांच्या अंगात आधीपासून होतं. उद्या वर्गात हेच घेते.

शब्दवेल्हाळ (बुधवार, सकाळी ११.००)

एक अडचण मराठीचीच आहे आणि तिच्यावर कुठल्या मार्गदर्शिकेत काही सापडत नाही. अवतरण वाक्यात मुरवायचं तर त्याला विभक्ती लागते, आणि विभक्ती लागली की शब्दच बदलतो. 'अनर्थ' हा फुल्यांचा शब्द घेऊन मुलं लिहितात 'अनर्थां'ची, किंवा 'अनर्थ'ची. पहिल्यात अवतरणाच्या आत आपला अनुस्वार शिरला, दुसऱ्यात व्याकरण मोडलं. मी सांगते, विभक्तीचं ओझं दुसऱ्या शब्दावर टाका. 'अनर्थ' या शब्दाची, 'शूद्र खचले' या विधानात, 'गति' म्हणताना. अवतरण जसंच्या तसं राहतं आणि वाक्यही चालतं.

क्रियापदांचंही पाहावं. मुलांच्या लिखाणात सगळे 'म्हणतात'. फुले म्हणतात, आगरकर म्हणतात, रानडे म्हणतात. अरे, कुणी बजावतो, कुणी सुचवतो, कुणी कबूल करतो, कुणी हरकत घेतो, कुणी नुसतं नोंदवतो. योग्य क्रियापद शोधायला बसलं की लेखक नेमका काय करतोय ते आधी समजून घ्यावं लागतं. मी वर्गात एकच उतारा देते आणि 'म्हणतात' वापरायची बंदी करते. तासभर मुलं भांडतात, 'इथे बजावतात की विनवतात'. त्या भांडणातच उतारा वाचून होतो.

ऱ्हाइनकाठ (बुधवार, दुपारी ४.३०)

जर्मनीत मानववंशशास्त्रात पीएचडी करतेय, विषय महाराष्ट्रातलाच. इथे एपीए, एमएलए अशा संदर्भ देण्याच्या ठरलेल्या शैलींवरून फार काथ्याकूट चालतो. एपीएत ४० शब्द किंवा त्याहून मोठं अवतरण वेगळ्या परिच्छेदात आत सरकवून द्यायचं, अवतरणचिन्हांशिवाय. एमएलएत गद्य चार ओळींपेक्षा आणि कविता तीन ओळींपेक्षा जास्त असेल तर तसं करायचं. कोणतीही एक घ्या, पण शेवटपर्यंत तीच ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते भाषांतराचं. मराठी प्रबंधात इंग्रजी पुस्तकातलं वाक्य मराठीत लिहून सरळ अवतरणचिन्हांत घालतात, जणू तो लेखक मराठीत बोलला. छापील भाषांतर वापरलं असेल तर भाषांतरकाराचं नाव हवं. स्वतः केलं असेल तर 'भाषांतर माझे' हे दोन शब्द हवेत, आणि तळटीपेत मूळ वाक्य दिलं तर फारच उत्तम. मी उलट दिशेने हेच करते. जात्यावरची ओवी देताना आधी देवनागरीत, मग माझं इंग्रजी. माझ्या मार्गदर्शक बाईंना मराठी येत नाही, तरी त्या देवनागरी ओळ काढू देत नाहीत.

जाई_जुई (बुधवार, रात्री ८.१५)

ओवीचा विषय निघाला म्हणून विचारते. माझा प्रकल्प आजीच्या ओव्यांवर आहे. तिचं पुस्तक नाही, पान नाही. संदर्भ कसा देऊ? मित्रमैत्रिणी म्हणतात, 'पारंपरिक' लिहून मोकळी हो.

ऱ्हाइनकाठ (बुधवार, रात्री ८.५०)

'पारंपरिक' लिहून आजीला पुसू नकोस गं. तिची परवानगी घे आणि तिचं नाव, गाव, ओवी कधी ऐकलीस ती तारीख आणि कुणी ध्वनिमुद्रण केलं, एवढं लिही. तिला ती ओवी कुणाकडून मिळाली, आईकडून की सासूकडून, तेही विचार. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा केवढा मोठा संग्रह उभा केला. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. ज्या बायांची नावं कुठल्याच कागदावर आली नव्हती, त्यांची त्या कामामुळे आली.

फळा_खडू (गुरुवार, सकाळी ९.२०)

मी आठवी-नववीला शिकवतो. इथली चर्चा वाचून पटतं, पण आमच्या मुलांना संपादक-आवृत्ती-पान हे ओझं आत्ताच कशाला? प्रकल्पवहीत 'संदर्भ: गुगल' लिहितात, मी सही करतो. तेवढं तरी लिहितात.

पोथीशाळा (गुरुवार, सकाळी १०.४५)

सर, तुमच्याशी थोडी असहमत आहे. ग्रंथालयात पुस्तक सापडलं म्हणून कुणी 'संदर्भ: कपाट' लिहीत नाही. गुगल हे कपाट आहे. आठवीच्या मुलाकडून आवृत्ती मागू नका, पण 'हे कुणी लिहिलंय?' एवढं जरूर विचारा. मराठी विश्वकोशातली नोंद उघडून खाली जायला सांगा. शेवटी संदर्भ दिलेले असतात आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं. माहिती कुणातरी माणसाने बसून लिहिलेली असते, हे मुलाला त्या वयात समजलं तर एम.ए.ला ताईंना एवढा त्रास होणार नाही.

फळा_खडू (गुरुवार, सकाळी ११.१०)

हे करता येईल. पुढच्या प्रकल्पापासून 'कुणी लिहिलं' असा एक रकाना वाढवतो.

निळी_शाई (गुरुवार, दुपारी ३.००)

शोधनिबंध तपासताना यंदा एक नवीनच प्रकार पाहिला. संदर्भसूची देखणी. लेखक खरे, प्रकाशन खरं, साल पटण्याजोगं, आणि पुस्तकच अस्तित्वात नाही. मुलाने एआयला 'संदर्भ दे' म्हणून सांगितलं होतं. त्याने फसवायचं ठरवलं नव्हतं. ते पुस्तक असेलच, असं त्याला वाटलं.

आता मी सूचीतल्या कोणत्याही तीन नोंदी निवडते आणि मुलाला म्हणते, पुस्तक घेऊन ये आणि तू दिलेलं पान माझ्यासमोर उघड. पुस्तक मिळत नसेल तर पानाचा फोटो चालेल. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेलं घेतलं असेल तर तसंच लिही, 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत', आणि जे पुस्तक तू खरोखर हातात धरलंस त्याचंच पान दे. न वाचलेल्या मूळ ग्रंथाचं नाव लिहून वाचल्यासारखं दाखवणं हे एआयच्या आधीपासून चालत आलंय, आणि तेही तितकंच चूक.

दिंडीकर (गुरुवार, रात्री ९.३०)

वडिलांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. त्यांनी तुकोबांचा सालोमालोवरचा अभंग म्हटला. सालोमालो दुसऱ्यांच्या रचना आपल्या म्हणून गायचा, असं परंपरेत सांगतात. तुकोबा म्हणतात:

मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें ॥

वडील 'मोडूनि' या शब्दावर थांबले. म्हणाले, चोरणं एक आणि मोडणं एक. त्या पोरीच्या हातून चोरी झाली नव्हती, वचन मोडलं गेलं होतं. तिला सांग, तू ते पुन्हा जोडलंस.

अक्षरओळख (शनिवार, दुपारी १२.४०)

दिंडीकर, वडिलांना माझा नमस्कार सांगा. निरोप तिला पोचवला.

बुधवारी वर्गात 'प्रमाण' समजावलं. तिने अकरापैकी नऊ अवतरणं स्वतःहून काढली. फुल्यांची ओळ ठेवली, बाबासाहेबांचं भाषण पुढच्या प्रकरणात नेलं, खंड काढून वाचतेय. तिच्या परवानगीने नवा परिच्छेद इथे देते:

"'विद्येविना मति गेली' या ओळी आज शिक्षणाचा महिमा सांगण्यासाठी भिंतींवर लिहिल्या जातात. 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात मात्र त्यांचा रोख ठरलेला आहे. मति, नीति, गति आणि वित्त अशी एकेक कडी तुटत गेल्याचे दाखवून शेवटी कोण खचले ते फुले नाव घेऊन सांगतात: 'वित्ताविना शूद्र खचले'. पुढे ते शूद्र शेतकऱ्यांचे कुणबी, माळी आणि धनगर हे भेद नोंदवतात. त्यामुळे 'अविद्या' या शब्दाचा अर्थ येथे केवळ निरक्षरपणा असा घेता येत नाही. पुरोहितापुढे आणि सरकारी कामगारापुढे शेतकरी गप्प का बसतो, या प्रश्नाचे ते उत्तर आहे."

परिच्छेदाच्या शेवटी कंसात संपादक, आवृत्ती आणि पान दिलंय. तळटीपकाका, तुम्ही एकदा नजर टाकाल का?

तळटीप (शनिवार, दुपारी १.२५)

वाचलं. 'मति', 'नीति', 'गति' तिन्ही ऱ्हस्व ठेवलेत, 'शूद्र' जागेवर आहे. शब्दवेल्हाळ यांनी सांगितलेली युक्तीही वापरलीय, 'अविद्या या शब्दाचा'.

एकच दुरुस्ती. कंसातला संदर्भ परिच्छेदाच्या शेवटी नको. तो 'हे भेद नोंदवतात' याच्या मागे घ्या, आणि ओळीचं पान वेगळं असेल तर 'शूद्र खचले'च्या मागेही द्या. शेवटची दोन वाक्यं फुल्यांची नाहीत, तिची आहेत.